काट्याखालचं वादळ

"उतरला! कुलूपवाल्याचा काटा उतरला!"

डोंगरमाथ्यावर एकच गलका झाला. पायऱ्या चढून आलेला कुलूपवाला घामाने निथळत होता, तोंडाने श्वास घेत होता, आणि दोन्ही हातांनी एक पितळी डबी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून उभा होता. डबीला वर काच, काचेखाली एक बारीक काळा काटा. उजवीकडून डावीकडे चार शब्द कागदावर लिहून चिकटवलेले: जड, मध्यम, हलका, मुक्त.

"पायथ्याशी 'जड'वर होता हो! माझ्या डोळ्यांनी पाहिला," कुलूपवाला म्हणाला. "आता बघा, 'हलका'च्याही पुढे गेलाय. 'मुक्त'ला नखभर कमी."

लोक टाचा उंचावून बघू लागले. कुणी त्याच्या पाया पडलं. मंडपात गादीवर हलकेबाबा बसले होते. नाव हलकेबाबा, पण त्यांना गादीवरून उठवायला दोघं लागत. ते स्वतः पायऱ्या चढत नसत, हेही कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

"भार कुठे असतो?" बाबांनी हात वर केला.

"मनात!" गर्दी ओरडली.

"मन कुठे असतं?"

"छातीत!"

"छातीशी काय धरलंय?"

"डबी!"

"मग डबी खोटं बोलेल?"

"नाही!"

मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि हा चमत्कार काय आहे ते बघायला वर आले होते. असलं तर्कशास्त्र एखाद्या पोराने उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं, तर मी त्याचा कान धरला असता. इथे लोक टाळ्या वाजवत होते. आणि त्या टाळ्यांमध्ये मला ओळखीचे दोन हात दिसले. निळ्या शिरा दिसणारे, बोटांच्या टोकांशी जरा काळसर पडलेले. माझ्या ताईचे.

"तू इथे?" मी गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ गेले. "ताई, तू चढलीस? या पायऱ्या?"

"बसत बसत चढले गं छोटे." तिचे ओठ निळसर झाले होते, पण डोळे लकाकत होते. तिने मला आपली डबी दाखवली. "नखभर. फक्त नखभर राहिलंय."

ताईच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की पावसाळा लागायच्या आत ऑपरेशन झालं पाहिजे, आणि तोवर घराचा जिनासुद्धा चढायचा नाही. ताई मान हलवून हो म्हणाली होती. आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकूंबरोबर डोंगराला गेली होती.

उतरताना मी तिला एकेका पायरीवर टेकवत आणली. आम्ही जसजशा खाली येत गेलो, तसतसा काटा हळूहळू उजवीकडे सरकू लागला. पायथ्याशी आलो, तेव्हा तो पुन्हा 'जड'वर.

"बघितलंस?" मी म्हटलं. "खाली आलो की परत पहिल्यासारखा."

डबी परत घेणारा चेला लगेच म्हणाला, "घरी पाप वाट बघत बसलेलं असतं, बाई. माणूस उतरला की बिलगतं. म्हणून पुन्हा पुन्हा चढावं लागतं."

काय सोय! वर गेलं की गुण बाबांचा, खाली आलं की दोष आपला.

त्या संध्याकाळी मी ताईशी भांडले. ती तांदूळ निवडत होती. ताटावरून नजर न उचलता म्हणाली, "मी ऑपरेशनला नाही कधी म्हटलंय? करते. काटा एकदा 'मुक्त'वर टेकू दे, की तू म्हणशील त्या दिवशी येते. हे घेऊन मला त्या टेबलावर झोपायचं नाही."

"हे म्हणजे काय?"

तिने खिडकीकडे बघितलं. मग मला कळलं.

आई गेली त्या पहाटे मी शिक्षणासाठी बाहेरगावी होते. ताई एकटी तिच्याजवळ होती. आईने वारा मागितला, "खिडकी उघड गं" म्हणाली. बाहेर कडाक्याची थंडी. ताईने खिडकी उघडली नाही, उलट कडी घट्ट लावली आणि आईच्या अंगावर आणखी एक गोधडी टाकली. उजाडेपर्यंत आई गेली होती. आईलाही तीच झडप. खिडकीने काही झालं नसतं, हे डॉक्टरांनी ताईला किती वेळा सांगितलं असेल. ताई ऐकून घ्यायची. पण त्यानंतर आमच्या घरात कुठलीही खिडकी कधी बंद झाली नाही. पावसात गाद्या भिजायच्या, तरी नाही.

आई आम्हाला निजवताना म्हणायची,

वारा आला दारा, वारा आला घरा,
माझ्या गं लेकीचा घाम पुसा जरा.

तोच वारा त्या बाबाने डबीत घालून ताईच्या हातात दिला होता. अगदी खरोखर, कारण ती डबी वाराच मोजत होती. नीट सांगायचं तर हवेचा दाब.

डबीत जादू नव्हती. पितळी डबीच्या आत पातळ पत्र्याची आणखी एक चपटी डबी, तिच्यातली बहुतेक हवा काढून घेतलेली, झाकण वळ्यावळ्यांचं. आत एक स्प्रिंग, म्हणून ती पार चेपून जात नाही. बाहेरच्या हवेने जोर लावला की झाकण किंचित आत जातं, जोर कमी झाला की किंचित वर येतं. केसाएवढी हालचाल. तरफ आणि बारीक साखळी ती हालचाल मोठी करून काट्यापर्यंत नेतात. आपण सगळे हवेच्या तळाशी राहतो, विहिरीच्या तळाशी राहावं तसे. डोंगर चढलं की डोक्यावरची हवा कमी होते, दाब कमी होतो, काटा डावीकडे सरकतो. पुण्यवंताचाही सरकतो, चोराचाही सरकतो.

हे मी मांडवात सांगितलं असतं, तर मला कुणी बोलू दिलं नसतं. म्हणून मी डोंगरावर सामान नेणाऱ्या पाळणेवाल्याकडे गेले. माथ्यावरच्या स्वयंपाकघराचा माल तारेवरच्या पाळण्यातून वर जायचा.

"एक डबी बटाट्याच्या पोत्याला बांधून वर सोडाल?"

पाळणेवाल्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बटाट्यांनी काय गुन्हा केलाय, बाई?"

"तेच बघायचंय."

तो हसला आणि तयार झाला. रांगेत उभं राहून मी डबी घेतली. काकूंनी आणि चार जणांनी काटा 'जड'वर असल्याची खात्री करून घेतली, आणि पाळणेवाल्याने ती पोत्याला सुतळीने आवळली. मग आम्ही पायऱ्यांनी वर गेलो. पाळणा डुलत डुलत आला. मी सगळ्यांसमोर सुतळी सोडली.

काटा 'हलका'च्या पुढे. 'मुक्त'ला नखभर कमी.

"आता सांगा," मी म्हटलं, "या बटाट्यांनी कुणाचं काय वाकडं केलं होतं? कुणाला फसवलं होतं? आणि पायऱ्या न चढता, गादीवर बसल्यासारखे पाळण्यात बसून त्यांचं पाप उतरलं कसं?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. कुलूपवाल्याने डोकं खाजवलं. मला वाटलं, जिंकले.

हलकेबाबा गालातल्या गालात हसले. "बाई, तुम्ही माझं काम सोपं केलंत. माणूस वर येताना कुरकुरतो. शंका काढतो. बटाटा कुरकुरला? मुकाट आला. म्हणून हलका झाला. बटाट्यासारखे व्हा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

दुसऱ्या दिवशी ते बटाटे आशीर्वाद म्हणून वाटले गेले. काकू ताईसाठी दोन घेऊन आल्या. "सालासकट खा हं," म्हणाल्या. "साल काढलं की गुण जातो."

तरी मी हात टेकले नाहीत. शाळेच्या प्रयोगशाळेत पाऱ्याचा एक जुना वायुदाबमापक होता. मुख्याध्यापिकांना विचारून मी तो घरी आणला आणि ताईच्या पलंगासमोर भिंतीवर टांगला. लाकडी फळी, तिच्यावर हातापेक्षा लांब काचेची नळी, वरून बंद, खाली पाऱ्याची वाटी. नळी जरा कलती केली की पारा वर जाऊन काचेच्या डोक्याला 'टक्' असा आपटतो. कारण वर काहीच नाही. हवासुद्धा नाही.

"मग पारा खाली का पडत नाही गं?" ताईने विचारलं. कितीतरी दिवसांनी तिने काही विचारलं होतं.

"वाटीतल्या पाऱ्यावर बाहेरची हवा बसलीय. तिच्या वजनाने नळीतला पारा तोलून धरलाय. हवा जड झाली की पारा चढतो, विरळ झाली की उतरतो. डोंगरावर नेला तर दीड बोट उतरेल. आणि इथे भिंतीवर राहूनसुद्धा रोज थोडा वरखाली होतो, हवामान बदलतं तसा. वादळ यायचं असलं की घसरतो. बाबाच्या डबीत आणि याच्यात फरक एवढाच, की तिथे पत्रा आहे, इथे पारा आहे."

"एकच आहेत दोन्ही?"

"एकच."

हे "एकच" मी किती ठासून म्हटलं होतं!

ताईने नळीभोवती एक लाल दोरा बांधला. रोज सकाळी उठली की पारा जिथे असेल तिथे दोरा सरकवायची. मी शाळेत सहशिक्षिकांना कौतुकाने सांगितलं, की ताई आता निरीक्षण करते. डोंगराचं नावही काढत नाही. डॉक्टरांनाही सांगितलं. ते म्हणाले, "छान. मग तारीख ठरवूया." ताई म्हणाली, "ठरवू हं."

फक्त एक गोष्ट मला उमगत नव्हती. बाहेर लख्ख ऊन पडलं, आभाळ धुतल्यासारखं निळं झालं, की ताई दिवसभर गप्प असायची. आणि मळभ आलं, की गुणगुणायची.

मग ती सकाळ उजाडली. पाखरांचा आवाज नव्हता. आभाळ तांब्याच्या भांड्याच्या आतल्या बाजूसारखं दिसत होतं. मी ताईच्या खोलीत गेले, तर पलंग रिकामा. नजर भिंतीवर गेली. पारा दोऱ्याच्या बोटभर खाली उतरला होता. इतका खाली मी तो कधीच पाहिला नव्हता.

काकू दारात उभ्या होत्या. "तुझी ताई पहाटेच गेली गं डोंगराला. केवढी खुशीत होती! म्हणाली, काकू, आज घरातच काटा उतरलाय. छोटीने सांगितलंय, दोन्ही एकच. आज वर गेले तर नक्की टेकणार."

वादळाची सूचना देणारं यंत्र मी तिच्या उशाशी टांगलं होतं, आणि ती त्यात रोज स्वतःचा गुन्हा मोजत होती.

मी पळाले. पायथ्याच्या मांडवात जत्रा लोटावी तशी गर्दी. चेला कर्ण्यावरून ओरडत होता, "महायोग! आज पायथ्यालाच काटा उतरलाय! आज जो चढेल तो 'मुक्त'!"

"अहो, वादळ येतंय!" मी ओरडले. "हवेचा दाब पडलाय म्हणून काटा पडलाय! वर जाऊ नका!"

"बटाटेबाई आल्या!" कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. एका बाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेने म्हणाली, "तुम्हीपण चला ना. आज तुमचंही उतरेल."

पाळणेवाला मात्र आपला पाळणा साखळीने खांबाला बांधत होता. "बाई, तार आत्ताच शिट्ट्या मारतेय. आज मी पाळणा सोडायचा नाही. तुमच्या ताई अर्ध्याच्या वर गेल्या असतील."

तो माझ्याबरोबर आला. अर्ध्या वाटेवर वारा सुटला, आणि मग पाऊस असा आला, की पायरी कुठली आणि पाणी कुठलं कळेना. वरून लोक खाली पळत होते. कुणी कुणाला सावरत नव्हतं. मी प्रत्येक चेहऱ्याकडे बघत होते. त्यात ताई नव्हती.

ती माथ्यावर होती. मंडपाचं कापड फाटून उडालं होतं. बाबांची गादी रिकामी होती. त्यांना उठवायला त्या दिवशी दोघं लागले नव्हते. ताई खांबाला टेकून बसली होती. चिंब. छातीशी डबी.

"टेकला," तिने मला बघून ओठ हलवले. "छोटे, टेकला."

काटा 'मुक्त'वर होता. बरोब्बर मधोमध.

पाळणेवाल्याने तिला पाठीवर घेतलं. मी मागून तिची मान धरून उतरत होते. आणि उतरता उतरता काटा परत उजवीकडे सरकायला लागला. ताईने ते पाहिलं. मी डबीवर हात ठेवला, तर तिने माझा हात बाजूला केला. "परत भरतंय का गं?" ती विचारत राहिली. "परत भरतंय का?"

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "आता हिला भूल झेपणार नाही, बाई. मागच्या आठवड्यात करता आलं असतं." मग बराच वेळ ते आपली तपासायची नळी गळ्यातून काढत आणि घालत राहिले.

ताईच्या हातातून डबी कुणालाच काढून घेता आली नव्हती. मी जवळ बसले. वादळ ओसरलं होतं, दाब वाढत होता, काटा 'मध्यम'कडे चालला होता.

"किती आहे?" तिने विचारलं. तिला आता नीट दिसत नव्हतं.

'मुक्त' म्हणणं माझ्या जिभेवर होतं. एका शब्दाचं काम. कुणाचं काय बिघडणार होतं? पण तोच शब्द ऐकवून तर बाबाने तिला इथवर आणलं होतं.

डबी उलटी केली तर मागे एक बारीक स्क्रू दिसला. असल्या प्रत्येक यंत्राला असतो, काटा जुळवून घ्यायला. त्याची खाच झिजून गुळगुळीत झाली होती. म्हणजे रोज सकाळी पायथ्याशी कुणीतरी तो फिरवून काटा 'जड'वर आणत होतं. बाबांना सगळं ठाऊक होतं. त्या एका सकाळी तेवढा त्यांनी स्क्रूला हात लावला नव्हता, कारण आपोआप उतरलेला काटा जास्त गर्दी खेचणार होता.

मी केसांतली पिन काढली, तिचं टोक खाचेत बसवलं आणि ताईची बोटं त्या पिनेवर ठेवली. डबी तिच्या डोळ्यांजवळ धरली.

"फिरव."

तिने फिरवलं. काटा डावीकडे गेला, 'मुक्त'वर.

"आता उलटं."

काटा 'जड'वर आला. तिने पुन्हा फिरवलं. मुक्त. पुन्हा. जड. लहानपणी आम्ही दिव्याचं बटण चालू-बंद करत बसायचो, तसं ती ते करत राहिली. मग थांबली.

"इतकंच होतं?"

"इतकंच."

"मग मी... आईचं..."

"ते कुठल्याच काट्यावर नव्हतं गं ताई. कधीच नव्हतं. थंडी होती, म्हणून तू खिडकी लावलीस. तिला ऊब दिलीस."

तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं, आणि मला ते पुसण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. शेवटी म्हणाली, "खिडकी लाव आता. गार लागतंय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने खिडकी लावायला सांगितलं. मी उठून कडी घातली. अंगावर आणखी एक पांघरूण टाकलं.

उजाडायच्या सुमाराला ती गेली.

तिचे कपडे आवरताना डबी हाताशी आली. काचेभोवतीचं कडं सैल झालं होतं. मी काच काढली आणि 'मुक्त' लिहिलेला कागद नखाने खरवडला. पावसाने ओला झाला होता, सहज निघाला. खाली पितळेवर मूळचा शब्द कोरलेला होता, परक्या लिपीत. त्याचा अर्थ: वादळ.

ती गरीब डबी त्या दिवशी जिवाच्या आकांताने खरं सांगत होती. वादळ, वादळ, वादळ. आपण तिच्या तोंडावर कागद चिकटवला होता.

मी ती डबी पोलीस चौकीत दाखवली. अंमलदाराने स्क्रू फिरवून बघितला, म्हणाला, "भारीच आहे की," आणि तक्रार कुणाविरुद्ध लिहायची ते विचारलं. त्याचं म्हणणं, बाई स्वतःच्या पायांनी चढल्या होत्या. मी काकूंना दाखवली. त्या रडल्या, आणि त्या आठवड्यात पुन्हा डोंगराला गेल्या.

पायथ्याला आता नवा मांडव आहे. खांबावर ताईचा फोटो लावलाय, खाली लिहिलंय: 'महायोगावर मुक्त झालेली पहिली भक्त.' मी तो दोनदा काढला. तिसऱ्यांदा काचेत बसवून उंच लावलाय. माझा हात पोचत नाही.

सुट्टीच्या दिवशी मी तिथे पायरीशी पाऱ्याची नळी घेऊन उभी राहते. शेजारी ती उघडी डबी, स्क्रू आणि पिन. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणते, घ्या, तुमच्याच हाताने फिरवा. बहुतेक जण वळसा घालून जातात. काही "बटाटेबाई" म्हणून हसतात. परवा कुलूपवाला थांबला. हातात घेऊन काटा इकडे-तिकडे केला, बराच वेळ केला. मग डबी खाली ठेवून, माझ्याकडे न बघता, रांगेत जाऊन उभा राहिला.

माझ्याजवळ चमत्कार नाही, त्यामुळे माझ्याभोवती गर्दी जमणार नाही, हे मला कळतं. तरी तुम्ही हे इथवर वाचलंत, म्हणून सांगते. कुणी तुमचं दुःख मोजून दाखवतो म्हणाला, तर ते यंत्र आधी बटाट्याच्या पोत्याला बांधा. मग उलटं करून मागे बघा. कागद चिकटवलेला असेल, तर खरवडा. छातीत धाप लागली, तर डोंगराकडे बघू नका, डॉक्टरांकडे जा, आणि आजच जा. आणि तुमच्या घरात कुणी जुना सल उराशी धरून बसलं असेल, तर माझ्यासारखी आधी हवेच्या दाबाची गोष्ट सांगत बसू नका. आधी त्याच्याजवळ बसा. खिडकी उघडी हवी की बंद, ते विचारा.